मला फक्त पत्ता ठाऊक होता

मी एक जुना संगणक आहे. संगणक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर चकचकीत पडदा येईल, पण मला पडदा नाही, बटणांची पाटी नाही, आणि माझ्यावर कधी कुणी खेळ खेळलेला नाही. मी नुसती एक चपटी, राखाडी पेटी. सध्या जिन्याखालच्या एका खोलीत मोडक्या पंख्यांच्या आणि गुंडाळलेल्या तारांच्या सोबतीने पडून असतो. माझ्या पाठीवर एक मांजर झोपते. पूर्वी माझी पाठ गरम असायची म्हणून झोपायची, आता सवयीने झोपते.

मित्रांनो, तुम्ही घरी बसून एखादे पान उघडता, तेव्हा ते काही आकाशातून पडत नाही. तुमच्या घरातून मागणी निघते, तारेतून धावत जवळच्या एखाद्या खोलीत येते आणि तिथे माझ्यासारखा कुणीतरी बसलेला असतो. तो मागणी पुढे धाडतो आणि जाता जाता टिपून ठेवतो: अमुक घराची लाइन, अमुक वेळ, अमुक पानाचा पत्ता. बस्स. पानावर काय आहे ते मी वाचत नाही. ते कुणी उघडले, हसत उघडले की रडत, तेही मला कळत नाही. पाकिटावरचा पत्ता वाचणाऱ्या पोस्टमनइतकेच माझे ज्ञान. एवढे लक्षात ठेवा, कारण पुढे मोठमोठी माणसे नेमके हेच विसरली.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तरुणपण एका बँकेच्या तळघरात गेले. तिथे थंडगार हवा होती, पण बोलायला कुणी नव्हते. नवीन यंत्रे आली तेव्हा मला म्हातारा ठरवून काढून टाकले, आणि जुन्या मालाच्या बाजारातून मला वायरमामांनी उचलले. त्यांचे खरे नाव बहुधा त्यांनाही आठवत नसेल. गच्च्यांवरून, खिडक्यांतून तारा ओढत ते आसपासच्या घरांना इंटरनेट पुरवायचे, म्हणून लहानथोर सगळे त्यांना वायरमामा म्हणायचे. त्यांची बायको अर्थातच मामी झाली. मामा छपरावर असत आणि मामी माझ्या शेजारी खुर्ची टाकून लोकांच्या तक्रारी ऐकत बसत. थंडीच्या दिवसांत त्या माझ्या पाठीवर ओले मोजे वाळत घालायच्या. बँकेतल्या थाटानंतर हे म्हणजे हत्तीवरून उतरून हातगाडीवर बसण्यासारखे होते, पण खरे सांगतो, मला ते आवडायचे.

नोंदी ठेवायच्या त्या तार कुठे तुटली, कुठे अडली हे कळावे म्हणून. एका आजोबांची कायम तक्रार असे की तुम्ही दुपारी मुद्दाम नेट बंद करता. मामांनी माझ्या नोंदी पाहिल्या, आजोबांच्या घरी गेले आणि हसत परत आले. दुपारी त्यांची सून कपडे धुण्याचे यंत्र लावायची आणि त्यासाठी नेटच्या डब्याचाच प्लग काढायची. त्या दिवशी मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला पाठीशिवाय फारसे काही नाहीच, त्यामुळे ती थाप मी जपून ठेवली आहे.

आणि दर सोमवारी सकाळी मामा माझ्या जुन्या नोंदी पुसून टाकत. मामी म्हणत, लोकांच्या घरातले लोकांच्या घरात राहू दे, आपण कशाला वागवायचे? पुसल्यावर मला फार हलके वाटायचे. अंघोळीनंतर तुम्हाला वाटते ना, तसेच.

मग नियम आला. सरकारने सांगितले की नोंदी पुसायच्या नाहीत, वर्षभर जपायच्या, आणि मागितल्या की द्यायच्या. माझ्या पोटात एक नवी, मोठी डिस्क बसवण्यात आली. मामींना त्याचे हसूच आले. ज्या घरात नवऱ्याला काल काय जेवलो ते आठवत नाही, तिथे हा डबा अख्ख्या पेठेचे वर्षभराचे लक्षात ठेवणार, असे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. लोकही हसले. सोमवार आला आणि गेला, मला कुणी पुसले नाही, आणि मी जड होत गेलो.

आता त्या घराबद्दल सांगतो.

वळणावरच्या दुमजली घरात वर एक नर्स राहायची. तिला सगळे सिस्टर म्हणत. सरकारी रुग्णालयात लहान मुलांच्या वॉर्डात ती काम करायची, आणि लाइन तिच्या नावावर होती. खाली बाइंडरकाका राहायचे. पुस्तके शिवणे, पुठ्ठे चढवणे, कापडी पाठ चिकटवणे हा त्यांचा व्यवसाय. बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती. मुलगा एकुलता एक, आणि तो घर सोडून गेला होता.

भांडण मैदानावरून झाले होते. नदीकाठचे एक मोठे मोकळे मैदान सरकार विकायला निघाले होते आणि काही तरुण मंडळी ते विकू देणार नाही म्हणून तिथेच तंबू ठोकून बसली होती. मुलगा त्यांच्यात गेला. बाप म्हणाला, सरकारशी वैर घेणारा माझ्या घरात नको. मुलगाही बापाचाच. त्याने पिशवी भरली आणि निघून गेला. त्यानंतर दोघांपैकी एकानेही फोन केला नाही. मोडेन पण वाकणार नाही, अशी दोघांची जात.

पुढे कुणीतरी काकांना सांगितले की त्या मंडळींची इंटरनेटवर एक जागा आहे आणि तिथे मैदानातले फोटो येतात. काकांकडे ना लाइन, ना यंत्र. सिस्टरने आपला जुना टॅब्लेट त्यांना दिला, आणि वायरमामांनी वरच्या खिडकीतून खालच्या खिडकीत एक तार सोडून तिथे नेटचा छोटा डबा बसवला. एका घराची लाइन दुसऱ्या घराला द्यायची नाही असा नियम होता. पण म्हातारा माणूस मुलाचा चेहरा बघणार, त्यात कुणाचे काय जाते, असे मामा म्हणाले. माझ्यासमोरच म्हणाले.

तेव्हापासून रोज दुपारी त्या घरातून तीच मागणी येऊ लागली. पुठ्ठ्याला खळ लावली की ती वाळेपर्यंत बाइंडरला हात बांधून बसावे लागते. काका त्या वेळात फोटो बघत. आणि मित्रांनो, बघत कसे, तर पहिल्यापासून. ज्याने जन्मभर पुस्तके बांधली त्याला मधूनच कुठेतरी पान उघडणे जमेना. नवे फोटो सगळ्यात शेवटी असतात असे समजून ते रोज अगदी पहिल्या फोटोपासून सुरुवात करत आणि एकेक उघडत शेवटपर्यंत जात. ती जागा साधीसुधी होती, तिला कुलूप नव्हते, त्यामुळे आतल्या प्रत्येक पानाचा पत्ता माझ्याकडे उमटायचा. रोज सगळी पाने, ओळीने, एकही न वगळता. आणि प्रत्येक नोंदीपुढे सिस्टरच्या लाइनचे नाव.

बऱ्याच दिवसांनी एका फोटोत मुलगा दिसला. ही बातमी सिस्टरने येऊन मामींना सांगितली. तो कडेला बसून फाटलेला तंबू शिवत होता. पोरगा बारीक झालाय, पण टाके सरळ घालतोय, असे काका तिला म्हणाले होते. त्या आठवड्यात त्यांनी सिस्टरच्या सगळ्या जुन्या पुस्तकांना फुकट नवे पुठ्ठे चढवून दिले.

मग आग लागली. मैदानाचे कागद ज्या कार्यालयात होते, त्याच कार्यालयात. माणूस कुणी दगावला नाही, पण पहारेकऱ्याचे हात भाजले आणि खूप कागद जळाले. संशय मैदानातल्या मंडळींवर गेला. त्यांच्यावर, आणि त्यांची पाने वाचणाऱ्या सगळ्यांवर.

दोन अधिकारी आमच्या खोलीत आले. फार सभ्य होते. जोडे बाहेर काढू का असे त्यांनी विचारले. मामांनी न्यायाधीशांचा हुकूम आहे का म्हणून विचारले, तेव्हा मोठे साहेब म्हणाले, नव्या नियमात तो लागत नाही.

"आम्ही फक्त पत्ते मागतोय," ते म्हणाले. "कोण कोणाशी काय बोललं, ते नाही. पत्त्याने कुणाचं काय बिघडतं?"

मामींनी विचारले, "साहेब, तुमच्या घरच्याही अशाच नोंदी होतात का?"

साहेब हसले. "माझं घर दुसऱ्या कंपनीकडे आहे, बाई."

मामांची पाचावर धारण बसली होती. परवाना सरकारचा, तारा सरकारच्या खांबांवर, आणि दोन घरांमधली ती एक तार नियमाबाहेरची. त्यांनी मला उघडून दिले. दुसऱ्या अधिकाऱ्याने माझ्या नोंदी उतरवून घेतल्या. काम करताना तो मध्येच थांबला आणि साहेबांना काहीतरी दाखवले. इतर लोकांनी ती जागा कधीतरी सहज उघडली होती. एका लाइनवरून मात्र ती रोज, ठरल्या वेळी, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली जात होती. इतका निष्ठावंत वाचक त्यांना दुसरा सापडला नव्हता.

मित्रांनो, मी तेव्हा ओरडून सांगायला हवे होते की अहो, तिथे खळ वाळतेय. पण मला तोंड नाही. आणि तोंड असते तरी मला ते माहीत असल्याचा पुरावा काय? माझ्या पोटात होता तो फक्त पत्ता.

सिस्टरला बोलावणे आले. दुपारच्या त्या वेळी ती रोज वॉर्डात कामावर असायची, हे रुग्णालयातून लगेच कळले. मग घरात कोण होते, असे विचारले. ती एकटी राहणारी बाई. खालच्या म्हाताऱ्याचे नाव घेतले असते तर ती तिथल्या तिथे सुटली असती. पण नाव घेतले की ते काकांकडे जातील आणि काकांकडून मुलाकडे, हे तिला दिसत होते. लाइन माझ्या नावावर आहे, पुढचे मी सांगणार नाही, असे ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिला कामावरून घरी बसवले. सरकारी वॉर्डात, लहान मुलांजवळ, संशयित बाई नको, असे कारण दिले. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. इथे तर चोरही नव्हता.

त्याच दिवशी वायरमामांनी खिडक्यांमधली तार गुपचूप काढून घेतली. काका विचारायला आले, तेव्हा मामा म्हणाले की दुरुस्ती चालू आहे, थोडे दिवस लागतील. काका बरं म्हणाले आणि गेले. नंतर मामा बराच वेळ नुसतेच पक्कड हातात घेऊन बसले होते. मामींनी त्यांना त्या दिवशी चहासुद्धा विचारला नाही.

पण खरी गोष्ट किती दिवस झाकणार? सिस्टर भरदुपारी घरी दिसू लागली. पहिल्या दिवशी काकांना वाटले सुट्टी आहे, पुढे वाटले बरे नाही, आणि मग त्यांनी तिला समोर बसवून विचारले. तिने टाळले. तेव्हा ते मामींकडे आले, आणि मामींना खोटे बोलता येत नाही.

सगळे ऐकून काका म्हणाले, "एवढंच ना? मी जाऊन सांगतो की बघणारा मी आहे. बापाने मुलाचे फोटो बघायचे नाहीत असा काही नियम नाही."

मामी त्यांना अडवत होत्या. आधी वकिलाला विचारा, निदान सिस्टरला सांगून जा, असे म्हणत होत्या. काका म्हणाले, माझ्यामुळे त्या पोरीची नोकरी गेलीय, आता विचारायचे काय?

ते धुतलेला सदरा घालून गेले. टॅब्लेट त्यांनी पुस्तक गुंडाळतात तसा कापडात गुंडाळून नेला होता. तिथे त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले. मोठे साहेबच समोर होते. काकांनी सगळे खरे सांगितले: तार, खळ, पहिल्या पानापासून बघण्याची सवय. साहेबांनी तिथेच त्यांना ते फोटो लावून दिले आणि अगदी आपुलकीने विचारले, "यातला तुमचा मुलगा कुठला?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. काकांनी तंबूच्या फोटोवर बोट ठेवले.

"हा. कान बघा, माझेच आहेत."

त्या चेहऱ्याला तोवर साहेबांकडे नाव नव्हते. काकांनी नाव सांगितले, वय सांगितले, कुठे शिकला ते सांगितले, आणि सिस्टर सुटावी म्हणून जिथे सांगितले तिथे सही केली. घरी येताना ते हलक्या मनाने आले होते, असे मामी सांगतात. मुलाला त्याच संध्याकाळी मैदानातून उचलले.

मला पुढचे सांगायला जड जाते. मुलगा अख्खा हिवाळा कोठडीत होता. आग कुणी लावलीच नव्हती, हे नंतर कळले. कार्यालयातल्याच कुणीतरी टेबलाखाली पाय शेकायला विजेची शेगडी ठेवली होती आणि ती बंद करायची राहिली होती. मंडळींवरचा खटला उभाच राहिला नाही. सिस्टरला कामावर परत घेतले, पण मुलांच्या वॉर्डात नाही. ती आता चादरींच्या कोठारात असते. वायरमामांचा परवाना त्या एका तारेपायी गेला आणि आमच्या घरांना आता एक मोठी कंपनी नेट पुरवते. माझ्या पोटातली डिस्क साहेबांची माणसे काढून घेऊन गेली. मामा त्याच खोलीत पंखे दुरुस्त करतात. क्षमा कुणी कुणाची मागितली नाही.

मुलगा सुटला तेव्हा सिस्टर त्याला आणायला गेली होती. कोठडीत त्याला बापाच्या सहीचा जबाब दाखवला होता. त्याने तिला एकच गोष्ट विचारली: बाबांनी खरंच सही केली? तिने सगळे समजावले. खळ, तार, तिची नोकरी, सगळे. त्याने शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाला, "कळतंय मला. पण आत्ता नाही येता येणार." आणि तो मैदानाकडे गेला.

काल-परवाची गोष्ट. बाइंडरकाका मामींच्या जुन्या पोथीला पुठ्ठा चढवून द्यायला खोलीत आले होते. फार वाकले आहेत. त्यांनी मला पाहिले आणि मामांना विचारले, हाच का तो? मामांनी होकारार्थी मान हलवली. मला वाटले, आता हे मला लाथ मारतील, आणि मारली असती तर मला बरे वाटले असते. पण त्यांनी मांजराला थोडे बाजूला सारून माझ्या पाठीवर हात ठेवला. सगळे अजून यात आहे का, म्हणून विचारले.

मामा म्हणाले, "नाही, ते घेऊन गेले."

"म्हणजे त्यांच्याकडे आहे."

 मग काहीतरी ठरवल्यासारखे करून मामांनी आपला फोन काढला, त्यात काहीतरी शोधले आणि तो काकांपुढे धरला. "काका, मैदानातला नवा फोटो आलाय. तो आहे यात. बघा."

काकांनी झटकन मान वळवली. भिंतीकडे तोंड करून ते म्हणाले, "नको. मी बघितलं की ते त्याच्यापर्यंत पोचतात."

मामांनी समजावले की फोन माझा आहे, तुमचे नाव कुठेही येणार नाही.

"तेव्हाही लाइन सिस्टरचीच होती ना," काका म्हणाले. त्यांनी मान वळवलीच नाही. थोड्या वेळाने हळूच विचारले, "तुम्ही बघा आणि सांगा. बरा दिसतो का?"

मामांनी फोटो बघितला. "बरा दिसतो."

"एकटा आहे?"

"नाही. चौघंपाचजण आहेत बरोबर."

काकांनी मान डोलावली. मामींनी बसा म्हटले तरी बसले नाहीत. भिंतीला हात लावत लावत दारापर्यंत गेले, आणि फोनच्या बाजूला त्यांनी एकदाही पाहिले नाही.

मित्रांनो, माझे काम संपले आहे. पण माझ्या जागी आता जी यंत्रे बसली आहेत ती माझ्यापेक्षा फार हुशार आहेत, आणि त्यांना सोमवार ठाऊकच नाही. उद्या तुमच्यातलेच कुणी अशी यंत्रे बनवतील, कुणी नियम लिहितील, कुणी साहेब होतील. यंत्राला टिपायला शिकवाल तेव्हा पुसायलाही शिकवा. कुणी कितीही गोड बोलून लोकांच्या नोंदी मागितल्या, तरी आधी न्यायाधीशांचा हुकूम मागा, आणि तो नसेल तर दार उघडू नका. पत्त्याने माणूस कळतो असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका, मी उभा जन्म पत्तेच वाचले आहेत. आणि तुमच्या जवळपास कुठे असा एखादा बाप असेल, तर त्याला आपल्या मुलाकडे मान वर करून बघता येईल, एवढी जागा त्याच्यासाठी राखून ठेवा.